दुसरा हात

तुला सगळं दिसतं म्हणे. डुलकी नाही, जांभई नाही, पापणीसुद्धा लवत नाही म्हणे तुझी. मग एवढंच सांग, तीस वर्षं मी या चिखलात उभी आहे ते दिसलं नाही का? की परत येणारेच तेवढे तुला दिसतात, आणि जे कुठे गेलेच नाहीत त्यांच्यावर तुझी नजर ठरत नाही?

थोरली हे मोठ्याने बोलत नव्हती. कौलांच्या भट्टीवर, माती तुडवायच्या खड्ड्यात, नडगीभर चिखलात ती पाय उचलत होती, टाकत होती, आणि प्रत्येक पावलाबरोबर एकेक शब्द खाली दाबत होती. देवाशी भांडायची तिची जागा हीच. चर्चमध्ये भांडता येत नाही, तिथे माणसं असतात.

कालचा रविवार तिच्या घशाखाली उतरत नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेल्या वावटळीने चर्चचं छप्पर उचलून नेलं होतं, तेव्हापासून उपासना उघड्या वाशांखाली चालायची. वाशांच्या सावल्यांचे पट्टे अंगावर घेऊन काल धाकटी पुढे उभी राहिली आणि तिने साक्ष दिली. अकरा वर्षांपूर्वी ट्रकवाल्याबरोबर पळाले. त्याने सोडलं, दुसऱ्याने धरलं, त्यानेही सोडलं. प्याले. एकदा चोरी केली. मग एका सकाळी, बसच्या थांब्यावर बसले असताना, कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं. मागे वळले तर कोणी नव्हतं. तरी नजर होती. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून मी घरी आले.

एवढं बोलून ती रडली. मग बायका रडल्या, पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. सुतारसुद्धा रडला. या सुताराचं लग्न अकरा वर्षांपूर्वी थोरलीशी ठरलं होतं. ज्या घरातली एक पळाली त्या घरातली दुसरी कशाला, असं त्याची आई म्हणाली आणि चार दिवसांत ते मोडलं. काल तोच सुतार आपल्या बायकोच्या रुमालाने डोळे टिपत होता. अख्ख्या चर्चमध्ये कोरडी काय ती थोरली.

तिच्याकडे साक्ष द्यायला होतंच काय? उठले, माती तुडवली, कौलं थापली, बाबांचं अंथरूण धुतलं, झोपले. असल्या साक्षीवर कोणाला रडू येतं?

धाकटी पळाली तेव्हा बाबा धडधाकट होते. सहा महिन्यांत त्यांची उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. तेव्हापासून थोरली त्यांना कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची आणि शिवाय भट्टी चालवायची. गावात तिला मुकादम म्हणत. मापात कमी नाही, बोलण्यात गोडवा नाही, असा तिचा लौकिक. बाबा तिला ‘अगं’ म्हणत. दुसरं नावच नव्हतं तिला. पेजेचा चमचा पुढे केला की ते दात आवळून धरायचे, अर्धी पेज उशीवर जायची. आणि धाकटी दारात उभी राहिली त्या दिवशी म्हाताऱ्याने चांगला हात वर उचलला, ‘पोरी’ म्हणाला, अगदी स्पष्ट. दहा वर्षांत एक शब्द सरळ आला नव्हता, तो त्या दिवशी आला. आता धाकटीच्या हातून पेज घेताना तोंड आपोआप उघडायचं. उशी कोरडी राहायची. थोरलीला खरं तर बरं वाटायला हवं होतं, एक उशी धुवायची कमी. पण ती कोरडी उशी रोज तिच्या डोळ्यात कुसळासारखी जायची.

दुपारी पाळकसाहेब अंगणात आले. चर्चला तीन हजार कौलं हवी होती. ती याच भट्टीची, यात शंका नव्हती. पण त्यांच्या मनात एक विचार आला होता. वाट चुकलेली लेक परत आली आहे, तर तिच्याच हातचं छप्पर आपल्या डोक्यावर असावं. माती तिने तुडवावी, कौल तिने थापावं. थोरलीने नुसती देखरेख करावी.

“तुम्ही आहातच, थोरल्या बाई,” ते हसून म्हणाले. “तुमची आम्हाला काळजीच नाही.”

तेच तर, थोरलीच्या मनात आलं. माझी कोणाला काळजीच नाही. तोंडाने ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी मातीला निघाल्या. बरोबर भट्टीचा जुना माणूस, जळक्या. तीस-पस्तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी वाकून त्याच्या भुवया कायमच्या गेल्या होत्या, त्यामुळे तो सतत नवल वाटल्यासारखा दिसायचा. तळं आटलं होतं. काठची चांगली माती दगड झाली होती, कुदळ उडून हाताला झिणझिण्या यायच्या. शेवटी तळ्याच्या पोटात उतरायचं ठरलं. तिथे काळी माती ओलसर होती, पण हातभरच. त्याखाली पांढरा थर. चुनखडी.

कौलाच्या मातीत चुनखडी गेली की घात. भट्टीतून कौल लालबुंद निघतं, वाजवलं तर घंटेसारखं वाजतं, काही कळत नाही. मग हवेतली ओल लागते. आतला खडा हळूहळू फुलतो आणि एक दिवस कौलाचा कपचा उडवून बाहेर पडतो. म्हणून त्यांच्या आजोबांपासून भट्टीवर एक नियम होता, दुसऱ्या हाताचा. जो तुडवतो त्याचे पाय तासाभरात आंधळे होतात, त्याला खडा कळत नाही. तेव्हा तुडवून झाल्यावर दुसऱ्याने यायचं, चिखलात कोपरापर्यंत हात घालायचा, सात ठिकाणी चाचपायचं, आणि ‘चालेल’ म्हणायचं. तो शब्द पडल्याशिवाय एक गोळा साच्यात जायचा नाही. बाप असो की मालक, आपल्याच मातीला आपणच चालेल म्हणायचं नाही.

हातभर झालं की थांब, असं थोरलीने धाकटीला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मग ती वाळवणीच्या अंगणाची डागडुजी करायला परत आली. धाकटी कामाला नवखी झाली होती, पण हौस दांडगी. तळहाताला फोड आले तरी ती खणत राहिली. कुठेतरी फावडं हातभराच्या खाली गेलं असेल. गेलंच.

तिसऱ्या दिवशी तुडवण. धाकटी खड्ड्यात उतरली. तिच्या पिंढऱ्या बारीक होत्या, एका पायावर भाजल्याचा जुना डाग होता, त्याबद्दल तिने साक्षीत काही सांगितलं नव्हतं. ती तुडवताना गुणगुणायची. बाबांची खाट पडवीत आणली होती. ते मान वळवून बघत होते. जळक्या म्हणाला, धाकट्या बाई तुडवतात की नाचतात तेच कळत नाही, चिखलाला गुदगुल्या होत असतील. आणि बाबा हसले. वाकड्या तोंडातून हवा सुटल्यासारखं, घोगरं, पण हसले.

थोरलीने ते हसू ऐकलं तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत चिखलात होता.

पहिल्या ठिकाणी काही नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी मुगाएवढा खडा लागला. तिसऱ्या ठिकाणी दोन. चौथ्या ठिकाणी तिने बोटांनी खडा धरला, चोळला. नखाखाली तो भुसभुशीत झाला. तिला वर काढून बघायची गरज नव्हती. आंधळ्याने पोराचा चेहरा चाचपून ओळखावा तशी तिला चुनखडी ओळखू यायची.

धाकटी कडेला बसून पायाचा चिखल निपटत होती. “ताई, बरी झालीये ना?” ती म्हणाली. “नसेल तर सांग हं. सगळी फेकू आणि परत आणू. मला काही वाटायचं नाही.”

पडवीतून बाबा अजून घोगरं हसत होते.

“चालेल,” थोरली म्हणाली.

हात बाहेर काढल्यावर तिने इकडेतिकडे बघितलं नाही. बघायचं कशाला? जळक्या सरपण रचत होता, धाकटीचं लक्ष पायांकडे होतं. तिने एकदा वर बघितलं. आभाळ कोरडं, पांढरं, तव्यासारखं तापलेलं. त्याला दिसलं असणार. दिसू दे, तिने मनात म्हटलं. तीस वर्षांत एकदा तरी माझ्याकडे बघायला तुला कारण मिळालं.

पुढचे आठ दिवस ती कधी नव्हे एवढी कामाला लागली. धाकटीच्या साच्यातून निघणाऱ्या कौलांच्या कडा तिने ओल्या बोटाने सारख्या केल्या, वाळवणीत कुत्रं शिरू नये म्हणून उन्हात बसून राहिली. एखादीने बघितलं असतं तर म्हटलं असतं, बहीण असावी तर अशी. बायका तसं म्हणाल्याही. रचलेली भट्टी जळक्याने दोन दिवस, दोन रात्री पेटती ठेवली, मग तोंड लिंपलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी उघडली.

कौलं निघाली ती अशी, की बघत राहावं. एकसारखी, लाल, पिकल्या फळासारखी. पाळकसाहेबांनी एक उचललं, बोटाने टिचकी मारली, खणकन वाजलं. बाबांच्या मांडीवर एक कौल ठेवलं तर ते त्याच्यावरून डावा हात फिरवत बसले. सुताराने धाकटीला विचारलं, एवढ्या वर्षांनी हात इतका बसलेला कसा? धाकटी लाजली आणि म्हणाली, ताईचं सगळं. सगळ्यांनी थोरलीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा धाकटीकडे वळले.

जळक्या मात्र एक कौल उन्हात धरून उभा होता.

“थोरल्या बाई, हे पांढरे ठिपके कसले?”

“राख असेल.”

“हां, राखच असेल मग,” तो म्हणाला आणि त्याने कौल ढिगावर ठेवलं. तिने म्हटलं म्हणजे झालंच. तिचा शब्द गावात शिक्क्यासारखा चालायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिला आपल्या शब्दाची भीती वाटली.

त्या दुपारपासून हवा बदलली. पाऊस नव्हे, नुसता दमट उबारा. अंगाला कपडा चिकटायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बाबांची पाठ पुसत असताना खाटेशी टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. बाबांच्या हट्टापायी एक कौल माठाशेजारी भिंतीला टेकून ठेवलं होतं. त्याच्या मधोमध रुपयाएवढा कपचा उडाला होता. कपचा बाबांच्या पायाशी पडला होता आणि त्याची कड ब्लेडसारखी होती. कौलाच्या खळग्यात पांढरा ठिपका पिठासारखा फुलला होता.

कौल कालच भट्टीतून निघालेलं, तिने मनात हिशेब केला. परवापासून सुतार चर्चच्या छपरावर चढणार. खाली आठवड्यातून तीनदा बारकी मुलं फरशीवर बसून धडे घेतात.

तिने कपचा मुठीत घेतला. नीट धरला नाही, तळवा कापला.

धाकटी हौदापाशी होती. हौदात वर्षाचं पाणी होतं. दुष्काळाची चाहूल लागल्यापासून लांबच्या विहिरीवरून हातगाडीने आणून साठवलेलं, पुढच्या मातीसाठी राखलेलं. धाकटी झाकणाच्या फटीत कापड कोंबत होती. थोरलीने तिच्यापुढे मूठ उघडली आणि सगळं सांगितलं. खडे किती, कुठे, कसे लागले. कोणत्या वेळी चालेल म्हटलं. आडवळण नाही, ‘दमले होते’ नाही, ‘विसरले’ नाही. चुनखडी आहे हे कळलं आणि मी चालेल म्हटलं. बाबा हसत होते म्हणून.

धाकटीने कपचा घेतला, उलटसुलट केला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि परत आला. मग ती म्हणाली, “मी माफ केलं, ताई.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्यात? एका श्वासात? तिने दातओठ खाऊन सांगितलं, की अशी माफी मला नको. आधी चीड. आधी मला बोल. चर्चमधून उसनी आणलेली माफी माझ्या तोंडावर मारू नकोस.

“माझं काय गेलंय चिडायला?” धाकटी म्हणाली. “तीन हजार कौलं? ती होतील परत. चर्चमधल्या सगळ्यांनी मला एका सकाळीत माफ केलं, ताई. का माहितीये? त्यांचं काही गेलंच नव्हतं. रडायला बरं वाटतं, रडले. गेलं ते तुझं. सुतार गेला, बाबांची ही दहा वर्षं तुझ्या कंबरेवरून गेली. आणि मी आल्यापासून तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. चहा ओतलास, अंथरूण टाकलंस, अंघोळीला पाणी दिलंस. मी रोज वाट बघते, आज ताई बोलेल. तुझी माफी सोड, तुझी शिवीसुद्धा नाही मला.”

थोरलीला एकही शिवी आठवेना. इतकी वर्षं पाठ केलेल्या, खड्ड्यात पायाखाली दाबलेल्या सगळ्या शिव्या ऐन वेळी कुठे गेल्या कोण जाणे. तिने धाकटीच्या पायाकडे बघितलं.

“तो डाग कसला?” तिने विचारलं.

“त्या दुसऱ्याने चटका दिलेला.”

मग थोरलीने हौदाचं झाकण बाजूला सारलं.

उपाय एकच होता आणि तो तिला ठाऊक होता. चुनखडीला हवेतली ओल घोटघोट पिऊ दिली तर ती फुगते. आधीच पोटभर पाणी पाजलं तर ती जागच्या जागी विरघळते, कौल वाचतं. एकेक कौल पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत धरायचं, काढायचं. पण कौल पाणी पितं. तीन हजार कौलं हौद पिऊन टाकणार, आणि पाऊस पडेपर्यंत भट्टी थंड राहणार. जळक्याने हे ऐकलं तेव्हा त्याच्या नसलेल्या भुवया आणखी वर गेल्या. पुढची माती काय थुंकीने भिजवायची का, त्याने विचारलं. थोरली म्हणाली, थुंकीने. आणि तिने पहिलं कौल बुडवलं.

तीन दिवस त्या वाकलेल्या होत्या. कौल पाण्यात गेलं की चुर्र व्हायचं, बारीक बुडबुड्यांची माळ वर यायची. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी दुधासारखं झालं. चुन्याने बोटांची कातडी पांढरी पडली, मग चिरली, मग चिरांतून झोंबू लागलं. धाकटीच्या फोडांची सालं निघाली. कंबरेतून उभं राहायचं म्हटलं की थोरलीला हौदाची कड धरावी लागायची. एकदा धाकटी म्हणाली, तुझं कौल जास्त वेळ बुडतं, माझं लवकर निघतं, नीट सांग किती धरायचं. थोरलीने तिचा हात धरून पाण्याखाली ठेवला आणि मनात वीसपर्यंत मोजून मग सोडला. अकरा वर्षांत तिने तो हात पहिल्यांदाच धरला होता. तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने पुढचं कौल उचललं.

आधीच फुटलेली चारशे-साडेचारशे निघाली. ती बाजूला पडली. सुताराने येऊन ढीग बघितला, चढणं पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि जाताना धाकटीकडे असं बघितलं, जसं खोटा माल गळ्यात पडलेल्या गिऱ्हाइकाने दुकानदाराकडे बघावं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. माती वाईट निघाली. कोणी तुडवली होती? अच्छा.

शनिवारी थोरलीने बाबांना सांगितलं. खाटेशी बसून, त्यांच्या चांगल्या कानाशी, शब्दाला शब्द. म्हाताऱ्याने मान हलवली. “तू? नाही,” ते म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी डावा हात उचलला आणि कोपऱ्यातल्या धाकटीच्या वळकटीकडे बोट केलं. “ती,” ते म्हणाले. “पाय कच्चे.” मग थोरलीचा हात हातात घेऊन, तिच्या चिरलेल्या बोटांकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं पाणी तिने दहा वर्षं मागितलं होतं. आणि त्या संध्याकाळी धाकटीने चमचा पुढे केला तेव्हा म्हाताऱ्याने दात आवळले.

रविवारी थोरली साक्षीला उभी राहिली. चर्चमध्ये कुजबुज झाली, मुकादम कधी उभी राहत नसे. तिने आवाज न चढवता सांगितलं. माझ्या बहिणीने माती तुडवली. दुसरा हात माझा होता. मला खडे लागले. मी चालेल म्हटलं. मला तिचा मत्सर वाटत होता, म्हणून. माझ्या मनात आलं होतं, की ही तुमच्यासमोर पडावी.

ती थांबून वाट बघत राहिली. कोणीतरी रागावेल, कोणीतरी तोंड फिरवेल.

पहिल्या बाकावरची म्हातारी रडायला लागली. मग तिच्या शेजारची. पाळकसाहेब पुढे आले, त्यांनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे तोंड करून भरल्या गळ्याने म्हणाले, “पाहा. यालाच प्रेम म्हणतात. बहिणीची चूक हिने स्वतःच्या खांद्यावर घेतली. आम्ही का या बाईंना ओळखत नाही? यांचा हात चुकेल?”

नाही, नाही, अशा माना हलल्या. सुतार मान खाली घालून डोळे पुसत होता, आणि या वेळी ते थोरलीसाठी होतं.

क्षणभर थोरलीला ते गोड लागलं. खोटं कशाला बोला. थंडीत कोणी अंगावर ऊबदार पांघरूण टाकावं तसं लागलं. नुसतं खाली बसायचं होतं. काही बोलायचं नव्हतं, बसायचं होतं, की सगळं तिचं झालं असतं. बायकांचं रडणं, सुताराची मान, बाबांच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं.

मग तिला धाकटी दिसली. धाकटी ज्या बाकावर बसली होती त्यावरच्या दोघी जणी जराशा सरकल्या होत्या. फार नाही. वीतभर. तीन आठवड्यांपूर्वी याच दोघींनी तिला छातीशी धरलं होतं. चिरलेले हात मांडीवर ठेवून ती समोर बघत होती. नकोसा पण ओळखीचा पाहुणा घरी यावा आणि आपण दार उघडावं, तसा तिचा चेहरा होता.

“साहेब, हे खरं आहे,” थोरली म्हणाली. “मी ओझंबिझं घेत नाहीये. मी केलं.”

“बसा, बाई. देवाला तुमचं मन दिसतं.”

“दिसतं ना? मग त्यालाच विचारते.”

पाळकसाहेबांचा हात तिच्या खांद्यावरून आपोआप खाली आला. थोरलीने मान वर केली. वाशांच्या मधून आभाळ दिसत होतं, दमट, राखाडी, अगदी खाली उतरलेलं. आतापर्यंत ती त्याच्याशी खड्ड्यात, दातांच्या आत भांडली होती. आता ती सगळ्यांसमोर, साध्या बोलण्याच्या आवाजात बोलली.

“माझा हात चिखलात होता तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. तू होतास. हे लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, कारण मी कधी काही वावगं केलंच नाही. आणि हिच्यावर ठेवत नाहीत, कारण हिने सगळं कबूल केलं. माझ्या माफीचं नंतर बघू, तिची मला घाई नाही. आधी यांना सांग. चालेल कोण म्हणालं? तू बघितलंस. तू एकटाच साक्षीदार आहेस. मी उभी आहे, ही बसली आहे, हे सगळे ऐकतायत. सांग.”